हस्करच्या ओहोळाकाठी चार दिवस

पहिला दिवस : शेफील्ड ते सिल्कस्टोन कॉमन

वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत एकतीस वर्षे काढलेल्या, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षे ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावरचा देखरेख अधिकारी, असलेल्या माणसाने मुलीकडे इंग्लंडला गेल्यावरही खाणच बघायला निघावे, हे आमच्या घरात कोणालाच पटले नव्हते. सौ.चे म्हणणे असे की, आयुष्यभर धुतलेले काळे कपडे पुरेसे झाले, आता निदान एखादे सरोवर तरी दाखवा. पण जावयाने वाचनालयातून स्थानिक इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक आणले होते आणि त्यातले हस्कर खाणीविषयीचे जेमतेम दीड पान वाचल्यापासून मला दुसरे काही सुचत नव्हते. शेवटी तोडगा असा निघाला की सौ.ने आणि मुलीने शेफील्डला राहावे, आणि जावई, आठ वर्षांची नात ओवी व मी अशा तिघांनी चार दिवस सिल्कस्टोनला जाऊन यावे.

त्या दीड पानातली हकिगत थोडक्यात अशी. २८ जून १८३८ रोजी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर सहाव्या दिवशी, म्हणजे बुधवार ४ जुलै रोजी, यॉर्कशायरमधल्या सिल्कस्टोन या खेड्याजवळच्या हस्कर खाणीत पावसाचे पाणी शिरून २६ जण बुडाले. त्यांतला सर्वांत लहान सात वर्षांचा होता आणि सर्वांत मोठ्याचे वय सतरा होते. पंधरा मुलगे आणि अकरा मुली. माझ्या नोकरीत मी पाण्याची भीती पुष्कळ बाळगली, तिच्यासाठी कागद रंगवले, रात्री-अपरात्री नाल्यावर जाऊन उभाही राहिलो. पण बुडालेल्यांच्या यादीत वयाचा आकडा एकेरी असू शकतो, हे कधी मनातही आले नव्हते.

शेफील्डहून हडर्सफील्डकडे जाणारी गाडी बार्नस्ली आणि डॉडवर्थ करत सिल्कस्टोन कॉमनला थांबते. दोन डब्यांची साधी गाडी, आणि स्टेशन म्हणजे एक फलाट व एक शेड. वाटेत मी खिडकीशी बसून खाणीची खूण शोधत होतो. चंद्रपूरहून घुग्गुसकडे निघालात की उपसलेल्या मातीचे डोंगर दुरूनच सांगतात की इथे जमीन फाडलेली आहे. इथे तसे काहीच दिसेना. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, दगडी कुंपणे; चानकाच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडावरचे चाक एकही नाही. जावई म्हणाला, "बाबा, यातल्या काही टेकड्या म्हणजे खाणीचा जुना राडारोडाच आहे, वरून गवत लावलंय." मग मी पुन्हा बघू लागलो आणि ज्या टेकड्यांचा माथा जरा जास्तच सपाट होता, त्या ओळखू आल्या.

मुक्काम एका शेतघराच्या माडीवर होता. त्या संध्याकाळचे सांगण्यासारखे काही नाही.

दुसरा दिवस : नॅब्ज वूड

सकाळी चहा-पाव उरकून आम्ही पायीच निघालो. सिल्कस्टोन कॉमन हे चढावरचे गाव आणि सिल्कस्टोन हे खालचे मूळ गाव. दोन्हींच्या मधल्या उतारावर नॅब्ज वूड नावाचे रान आहे. खाली उतरताना जुन्या वॅगनवेची वाट लागते. वॅगनवे म्हणजे घोड्यांनी ओढायच्या कोळसा-गाड्यांचा रूळमार्ग. हा १८०९ मध्ये सुरू झाला आणि सिल्कस्टोनचा कोळसा बार्न्बीच्या धक्क्यापर्यंत नेऊन कालव्यातल्या होड्यांत ओतू लागला. रूळ केव्हाच उचलले गेले, पण त्यांच्याखाली बसवलेले चौकोनी दगड अजून जागच्या जागी दिसतात. ओवीने एका दगडातल्या भोकात बोट घालून पाहिले. त्या भोकात लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर लोखंडी पट्टी खिळ्याने जखडत, एवढे मी तिला सांगितले. दगडाच्या पाठीवर रुळाच्या बुडाने पाडलेली खाच हाताला लागत होती. सिल्कस्टोनचा कोळसा नावाजलेला होता, आणि तो याच दगडांवरून निघून घराघरांतल्या शेगड्यांत पोचत होता.

रानात शिरल्यावर पाच-सात मिनिटांत स्मारक लागते. दुर्घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, गावकऱ्यांनी ते उभारले. दगडी बांधकामात खाणीच्या तोंडासारखी बुटकी जागा करून तिच्यात एका मुलाची आणि एका मुलीची आकृती बसवलेली आहे. शिल्प म्हणून ते फार थोर आहे असे मी म्हणणार नाही, पण उंची बरोबर साधली आहे. खाणीत ज्याने कधी वाकून चाल केली आहे, त्याला ती पाहताच मान आणि कंबर दोन्ही आठवतात. तिथे कोणीतरी मुलांची छोटी खेळणी ठेवून गेले होते. एक चिंध्यांचा ससा पावसाने फुगून गच्च झाला होता.

मी आलो होतो ते मात्र ओहोळ बघायला. तो जवळच आहे. जूनचा शेवटचा आठवडा होता, आदल्या दिवशी एक सर येऊन गेली होती, आणि तरीही पाण्याची धार इतकी बारीक होती की ओवीने ती एका ढांगेत ओलांडली, परत ओलांडली, आणि मग बूट न भिजवता किती वेळा ओलांडता येते ते मोजत बसली. आमच्याकडे याला कोणी नालाही म्हणणार नाही. फार तर पाट म्हणतील. या पाटाने २६ जीव घेतले.

घटना नीट समजून घ्यायची तर खाणीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. मालक होते रॉबर्ट कोल्डवेल क्लार्क. त्यांची मूरएंड ही मुख्य खाण, तिच्यात उतरायचे आणि कोळसा वर काढायचा तो उभ्या चानकातून, वाफेच्या इंजिनाने. हस्कर ही तिला आतून जोडलेली खाण, आणि तिला या रानात उघडणारे एक तिरपे भुयार होते. आमच्या भाषेत सांगायचे तर इनक्लाइन. त्याचा मुख्य उपयोग हवा खेळवण्यासाठी. जिथे दोन वाटा असतात तिथे हवा जवळची वाट पकडते आणि लांबच्या कामाच्या जागा गुदमरतात, म्हणून मधे लाकडी दारे बसवून हवेला वळसा घालायला लावतात. ही दारे एरवी बंदच राहिली पाहिजेत, कोळशाची गाडी आली की तेवढ्यापुरती उघडायची आणि लगेच लावायची. त्या काळी हे काम सहा-सात-आठ वर्षांच्या मुलांना देत. दाराशेजारच्या कोनाड्यात दोरी धरून बसायचे, बहुधा अंधारातच, कारण मेणबत्तीचा खर्च मुलाच्या घरच्यांवर. जरा हाडे भरली की गाड्या ढकलण्याच्या कामावर बढती. बार्नस्लीच्या आसपासच्या खाणींत या कामावर मुली आणि मुलगे दोन्ही असत.

४ जुलैच्या दुपारी दोनच्या सुमारास या भागावर विजांसह प्रचंड पाऊस कोसळला, गाराही पडल्या. मूरएंडच्या बॉयलरची आग त्या पाण्याने विझली. आग नाही म्हणजे वाफ नाही, वाफ नाही म्हणजे चानकातली डोली, माणसांना वर-खाली नेणारा पिंजरा, हलणार नाही. खाली असलेल्यांना निरोप गेला की चानकाच्या तळाशी येऊन थांबा. खरे तर एवढ्यावर काहीच बिघडले नव्हते. बॉयलर पुन्हा पेटवायला वेळ लागला असता, पण खाली थांबलेली माणसे त्या दिवशी सुखरूप राहिली. परंतु मुलांना खाली येऊन नऊ तास झाले होते. वर काय चालले आहे याचा पत्ता नाही, निरोपाचा अर्थ नीट कोणाला कळलेला नाही, आणि वर जायची दुसरी एक वाट माहितीची होती. सुमारे ४० मुले हस्करच्या भुयाराकडे निघाली.

चाळीस मुलांनी मधले दार उघडले, ती पलीकडे गेली, दार मागे लागले, आणि ती चढ चढू लागली. त्याच वेळी वर रानात हा ओहोळ फुगून काठ सोडून भुयाराच्या तोंडात शिरला. पाण्याचा लोंढा उतारावरून आला, त्याने मुलांचे पाय उखडले आणि त्यांना खाली फेकत फेकत आणले ते त्याच दारापाशी. काही जणांना बाजूच्या एका फटीतून दुसरीकडे निसटता आले. उरलेल्यांच्या पाठीशी पाणी होते आणि पुढे बंद दार.

मी त्या ओल्या फांद्यांखाली उभा राहून मनातल्या मनात हिशेब केला, कारण एकतीस वर्षांची खोड जात नाही. पाण्याच्या दाबाने ते दार घट्ट बसले, म्हणजे ते चढाच्या बाजूला उघडणारे असले पाहिजे. एक मीटर रुंद दारामागे फक्त एक मीटर उंचीचे पाणी साचले तरी त्याचा एकूण रेटा सुमारे अर्ध्या टनाचा होतो. अर्धा टन म्हणजे सात-आठ धडधाकट गडी दाराला खांदा लावून उभे आहेत असे समजा. त्यांच्याविरुद्ध ते दार ओढून उघडायचे होते ते सात, आठ, नऊ वर्षांच्या मुलांनी, काळोखात.

जावयाने विचारले, "पण बाबा, दुसरी वाट असणं चांगलंच ना?" चांगलेच. खाणीला दोन वाटा हव्यात, हा नियम इंग्लंडने १८६२ मध्ये केला, तोही हार्टलीच्या खाणीत एकुलत्या एका चानकात इंजिनाची तुळई कोसळून २०४ माणसे आत अडकून मेल्यानंतर. म्हणजे हस्करला जी सोय होती ती कायद्याच्या चोवीस वर्षे पुढची होती. मात्र दुसरी वाट ठेवणे वेगळे आणि तिचे तोंड कुठे ठेवणे हे वेगळे. आमच्या १९५७ च्या नियमावलीत खाणीचे तोंड आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा किमान दीड मीटर उंच हवे, असे लिहिलेले होते. हा नियम मी होतकरू पोरांना कितीतरी वेळा घोकायला लावला. तो कागदावर असूनही एका पावसाळ्यात आमच्या इनक्लाइनच्या तोंडाशी नाल्याचे पाणी चढले होते. पंपावरच्या माणसाचा जेवणाचा डबा तरंगत माझ्या पायाशी आला, तेव्हा मी पहिल्यांदा ओरडलो आणि मग शिट्टी फुंकली. आमची सगळी माणसे बाहेर निघाली. त्या डब्यातल्या भाकरीचा लगदा झाला होता, एवढेच नुकसान मला अजून आठवते.

ओवीचे ओलांडणे एकोणीसवर पोचले होते. विसाव्या वेळी तिचा बूट भिजला.

तिसरा दिवस : ऑल सेंट्स चर्चचे आवार

सिल्कस्टोनचे ऑल सेंट्स चर्च गावाच्या मानाने फारच भारदस्त आहे. आत सर थॉमस वेन्टवर्थ यांची कबर आहे. ते १६७५ मध्ये वारले. ते आणि त्यांच्या पत्नी यांच्या माणसाएवढ्या मूर्ती शेजारी शेजारी पहुडलेल्या आहेत, आणि कपड्याच्या चुण्या शिल्पकाराने अशा कोरल्या आहेत की हात फिरवावासा वाटतो. चर्च उघडायला आलेल्या आजींनी आम्हाला आधी तीच दाखवली. हस्करची मुले, असे मी म्हणताच त्यांनी काही न बोलता बाहेर बोट केले.

आवारातले स्मारक म्हणजे चौकोनी बैठकीवर उभा केलेला दगडी स्तंभ. तो १८४१ मध्ये बसवला. त्याच्या एका अंगावर घटनेचा मजकूर आहे आणि इतर अंगांवर नावे आणि वये. मजकुराचा मराठीत अर्थ सांगायचा तर असा : ४ जुलै १८३८ या दिवशी या परगण्यात झालेल्या ईश्वराच्या भयंकर प्रकोपाची आठवण राहावी म्हणून हे स्मारक उभारले आहे, त्या दिवशी प्रभूने मेघगर्जना, वीज, गारा आणि पाऊस धाडला, आणि आर. सी. क्लार्क एस्क्वायर यांच्या कोळसा खाणींत अकस्मात पाणी घुसून २६ मानवी जीवांना आपल्या निर्मात्यासमोर हजर होण्याचे अचानक बोलावणे आले. मग वाचकाला उद्देशून ताकीद आहे की ईश्वराची दुर्लक्षिलेली प्रत्येक हाक न्यायाच्या दिवशी तुझ्याविरुद्ध उभी राहील, तेव्हा जागा राहा.

मी हा मजकूर तीन वेळा वाचला. माझ्या नोकरीत अपघाताचे अहवाल मी लिहिले आहेत आणि वरिष्ठांनी ते कसे बदलून मागितले हेही पाहिले आहे. त्यामुळे वाक्यातला कर्ता कुठे गेला हे शोधायची सवय लागली आहे. इथे कर्ता ईश्वर आहे. गडगडाट त्याने धाडला, बोलावणे त्याचे. मालकाचे नाव आहे, पण ते आदरार्थी उपाधीसह आणि केवळ खाण कोणाची हे सांगण्यापुरते. आणि ज्यांची ही कबर, ते २६ 'मानवी जीव' आहेत. या अंगावर 'मुले' हा शब्दच नाही. तो शब्द न लिहिताही तो कळावा म्हणून दगडाला वळसा घालून पलीकडची वये वाचावी लागतात. वाचकाला दिलेली ताकीद तर मला सरळ अन्यायाची वाटली. सात वर्षांच्या पोराने ईश्वराची कोणती हाक दुर्लक्षिली होती? त्याच्या कानावर आलेली एकच हाक, पहाटे उठ, ही होती, आणि ती त्याने पाळली होती.

सगळ्यांना सात कबरींत पुरले. नावे त्या क्रमाने आहेत. पहिल्या कबरीत दहा वर्षांचा जॉर्ज बर्किन्शॉ आणि त्याचा सात वर्षांचा भाऊ जोसेफ. त्यांच्या जोडीला बारा वर्षांचा आयझॅक राइट आणि त्याचा आठ वर्षांचा भाऊ एब्रहम. म्हणजे एका कबरीत भावांच्या दोन जोड्या. पुढे एका कबरीत सोळा वर्षांचा जेम्स क्लार्कसन आहे. मुलींच्या कबरी वेगळ्या. तिथल्या यादीत अकरा वर्षांच्या एलिझाबेथ क्लार्कसनचे नाव येते, आणि साऱ्या दगडावर फक्त तिच्याच नावापुढे एक जास्तीची ओळ आहे : ती आपला भाऊ जेम्स क्लार्कसन याच्या पायाशी निजली आहे.

"आबा, पायाशी का? शेजारी का नाही?" ओवीने विचारले. मुलींच्या कबरी मुलांच्या पायथ्याकडे घेतल्या होत्या, म्हणून. रचना तशी होती, एवढेच उत्तर मी दिले. पण ती ओळ कोरायला सांगणाऱ्याला रचनेचे काही पडलेले नव्हते, हेही दिसत होते. कबरी वेगळ्या कराव्या लागल्या, तर निदान दगडावर तरी ती दोघे एका वाक्यात यावीत, अशी कोणाची तरी इच्छा असणार.

एलिझाबेथविषयी मी तिथे बराच वेळ विचार करत बसलो. अकरा वर्षांचे आयुष्य आणि एक ओळ. १८३८ मध्ये अकरा, म्हणजे जन्म १८२७ च्या आगेमागे. तिच्या जन्माआधीच वॅगनवे सुरू झाला होता. तिने काल आम्ही पाहिलेल्या दगडांवरून घोडे आणि गाड्या जाताना पाहिल्या असणार, कारण या खेड्यात न पाहता राहणे शक्य नव्हते. खेड्यातल्या मुलीपुढे त्या काळी शेतमजुरी, धुणीभांडी, विणकाम किंवा खाण एवढेच पर्याय होते, आणि खाण त्यांत जास्त पैसे देई. मजुरी मुलाच्या हातात पडत नसे, घरात जाई. बापाने कोळसा तोडायचा आणि त्याच्याच पोरांनी तो ढकलत न्यायचा, अशी घरोघरची व्यवस्था होती, कारण बाहेरचा पोरगा ठेवला तर त्याला वेगळे पैसे मोजावे लागत. दिवस उजाडण्याआधी खाली आणि हिवाळ्यात दिवस मावळल्यावर वर. म्हणजे काही महिने तिने सूर्य रविवारीच पाहिला असेल. तो रविवारही याच चर्चमध्ये.

मृत्यूची चौकशी गावातल्या रेड लायन या खानावळीत झाली. कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, जोसेफ बॅजर यांच्यासमोर पंच बसले आणि त्यांनी निकाल दिला : अपघाती मृत्यू. कागदावर हा निकाल चूक नाही. बॉयलर कोणी मुद्दाम विझवला नव्हता, आणि मुले सांगितलेल्या जागी थांबली असती तर वाचली असती, हेही खरे. असल्या निकालाने मालकही सुटतो आणि मुलांवर थोडे ओझे राहते. पण तोंड ओहोळाच्या काठाला कोणी ठेवले, दार कोणत्या बाजूला उघडते हे कोणी पाहिले, आणि सात वर्षांचे पोर मुळात तिथे का होते, हे प्रश्न त्या खानावळीत विचारण्याची सक्ती कोणत्याच कायद्याने केली नव्हती.

कायदा यायला चार वर्षे लागली. १८४० मध्ये खासदार लॉर्ड ॲशली यांच्या आग्रहावरून मुलांच्या कामाविषयी शाही आयोग नेमला गेला, १८४२ च्या मे महिन्यात त्याचा अहवाल आला, आणि १० ऑगस्ट १८४२ रोजी खाणींचा कायदा संमत झाला. सर्व स्त्रिया आणि मुलींना, आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवण्यास मनाई झाली. अहवालात चित्रे छापली होती. कमरेला पट्टा आणि दोन पायांमधून साखळी घेऊन रांगत गाडी ओढणारी मुलगी पाहून लंडन हादरले. खरे सांगायचे तर मुली लहान होत्या यापेक्षा त्या अर्ध्या कपड्यांत पुरुषांशेजारी काम करतात, यानेच पुष्कळ सभ्य लोक जास्त हादरले होते. ते काही असो, हा कायदा १८३८ मध्ये असता तर एलिझाबेथ आणि बाकीच्या दहा मुली त्या भुयारात नसत्या, जोसेफ आणि एब्रहमही नसते. दहा वर्षांचा जॉर्ज आणि बारा वर्षांचा आयझॅक मात्र त्या कायद्यानुसारही हक्काने उतरले असते.

चर्चच्या पायरीवर बसून डबा खाताना मी जावयाला आणखी एक हिशेब सांगितला. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, म्हणजे राणी तीच आणि इंग्लंडातला कायदा होऊन तीस वर्षे लोटलेली. पण हिंदुस्थानातल्या खाणींत तेरा वर्षांखालच्या मुलांना मनाई करणारा कायदा आला १९२३ मध्ये. लंडनला जे १८४२ मध्ये कळले ते त्याच सरकारला आमच्याबाबतीत कळायला ८१ वर्षे लागली. जावई काही बोलला नाही. त्याने डब्यातला शेवटचा पराठा माझ्याकडे सरकवला.

चौथा दिवस : केपहाउस

परतीच्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली आणि आम्ही सारे वेकफील्डजवळच्या केपहाउस कोलियरीत गेलो. ती खाण १९८५ मध्ये बंद झाली आणि आता तिथे इंग्लंडचे राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय आहे. सौ.ही आली होती. तिने वरच्या उपाहारगृहात बसून राहायचे पत्करले.

खाली जाण्याआधी घड्याळ, मोबाइल, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून घेतात. आत ज्वालाग्राही वायू असू शकतो आणि एक ठिणगी पुरते, हा नियम दिखाव्यासाठी नाही. ओवीच्या बुटांच्या टाचेत चालताना लुकलुकणारे दिवे होते, त्यामुळे तिला संग्रहालयाचे गमबूट घालावे लागले. बत्तीघरातून मला टोपीवरची बत्ती मिळाली तेव्हा हात आपोआप पट्ट्याच्या डाव्या बाजूला गेला, जिथे तीस वर्षे तिची बॅटरी असे. डोलीने आम्हाला १४० मीटर खाली उतरवले. वाट दाखवणारा माणूस पूर्वी स्वतः खाणकामगार होता. मी कोण हे त्याला जावयाने सांगितले आणि मग तो मधूनमधून माझ्याकडे बघून, बरोबर ना, असे भुवईने विचारू लागला.

एका वळणावर दार राखणाऱ्या मुलाचा देखावा आहे. लाकडी दार, दोरी, कोनाडा. तिथे त्याने सगळ्यांना बत्त्या विझवायला सांगितल्या. मला त्या अंधाराची सवय आहे. त्यात डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापणीला हात लावल्याशिवाय कळत नाही. ओवीने माझी बाही धरली. मग त्या अंधारात त्याने सेरा गुडर या मुलीची जबानी तोंडपाठ म्हटली. सेरा आठ वर्षांची होती, सिल्कस्टोनपासून काही मैलांवरच्या गॉबरच्या खाणीत दार राखायची, आणि आयोगापुढे तिने सांगितलेले १८४२ च्या अहवालात छापले आहे. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच जाते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर येते, असे ती म्हणाली. दिव्याशिवाय दार राखावे लागते आणि मला भीती वाटते. उजेड असला तर मी कधी कधी गाणे म्हणते, पण अंधारात नाही, तेव्हा माझी हिंमत होत नाही.

हस्करच्या २६ जणांपैकी कोणाचीच जबानी असणे शक्य नव्हते. पण सेराने हे सांगितले तेव्हा त्या दुर्घटनेला तीन-चार वर्षेच झाली होती, आणि तोच परिसर, तशीच कोळशाची खाण, तसेच दार. एलिझाबेथ आठ वर्षांची असताना तिनेही अशी दोरी धरली होती का, हे दगड सांगत नाही.

बत्त्या लागल्या. ओवी कोनाड्याकडे वाकून बघत होती. तिने इंग्रजीत त्या माणसाला विचारले, की बारा तास बसायचे तर तिला शू लागली की ती कुठे जायची? घोळक्यातले काही लोक हसले. तो हसला नाही. त्याने बत्तीचा झोत कोनाड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जमिनीवर टाकला आणि म्हणाला, तिथेच.

वर आल्यावर तो डोलीच्या फाटकाशी थांबून आम्हाला मोजू लागला. खाली जाताना सतरा होतो. त्याची मोजणी सोळावर थांबली, तशी माझ्याही पोटात एकदम गोळा आला. पण ओवी गमबुटातून पाय काढायला खाली बसली होती, ती त्याला दिसली नव्हती. तिने बसल्या जागेवरून हात वर केला.